हरलेला सामना आणि मुकी सभा

१९ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता. दिवाळी नुकतीच आटोपली होती, पाहुणेरावळे अजून घरी होते. त्या दिवशी अहमदाबादच्या मैदानावर नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत ऑस्ट्रेलियाने एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतावर सहा गडी राखून विजय मिळविला. सलग दहा सामने जिंकून आलेल्या संघाचा हा पराभव असल्याने तो अधिकच झोंबला. पुढे कित्येक दिवस महाराष्ट्रातील गावागावांत जी चर्चा चालली, तीच बारामतीच्या भिगवण रस्त्यावरील चहाच्या टपऱ्यांवर आणि इंदापूरच्या बाजारपेठेतही चालली.

या चर्चेच्या आगेमागे काय घडत होते, तेही ध्यानात घेतले पाहिजे. ३१ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्यात बारामती होते आणि इंदापूरही होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात उजनीचे धरण पूर्ण भरले नव्हते. १ नोव्हेंबरला साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला होता. आणि सामन्यानंतर चौथ्याच दिवशी, २३ नोव्हेंबरला, कोल्हापूरजवळ शिरोली येथे ऊसउत्पादक शेतकऱ्यांनी मागील हंगामाच्या वाढीव दरासाठी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. म्हणजे ज्या पंधरवड्यात पाणी, ऊस आणि उसाचा दर हे तीनही प्रश्न ऐरणीवर होते, त्याच पंधरवड्यात नीरेच्या डाव्या कालव्यावरील आणि भीमेच्या काठावरील माणसे नाणेफेक, खेळपट्टी आणि दव यांवर हिरिरीने बोलत होती.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि पुरोगामी वर्तुळात तो अनेकदा काढलाही जातो: क्रिकेट ही जनतेची नवी अफू आहे, भांडवलदारांनी ती पाजली आहे, आणि लोक आपल्या खऱ्या प्रश्नांना विसरले आहेत. हा निष्कर्ष सोपा आहे म्हणूनच संशयास्पद आहे. त्यात जनतेविषयी एक प्रकारची तुच्छता दडलेली आहे. डॉ. राममनोहर लोहियांचा क्रिकेटला विरोध होता आणि त्याला साम्राज्यशाहीच्या वारशाची बाजू होती. परंतु आज हा खेळ उच्चभ्रूंच्या जिमखान्यातून निघून ऊसपट्ट्यातील वाड्यावस्त्यांवर पोहोचला आहे. ज्याला लोकांनी आपले म्हटले आहे, त्याला परके म्हणून झिडकारण्यापेक्षा लोक त्याच्याविषयी कसे बोलतात, हे ऐकणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

किती चेंडूंत?

ती चर्चा लक्षपूर्वक ऐकली तर पहिली गोष्ट जाणवते ती तिच्यातील चिकित्सेची. त्या अंतिम सामन्यात भारताच्या सर्वाधिक धावा के. एल. राहुल याच्या होत्या, ६६. पण टपरीवरचा कोणताही जाणकार ६६ या आकड्यावर समाधान मानत नव्हता. तो लगेच विचारी, किती चेंडूंत? १०७ चेंडूंत, आणि त्यात चौकार एकच. विराट कोहलीने ५४ धावा केल्या, त्याही ६३ चेंडूंत. पहिल्या दहा षटकांत २ बाद ८० अशी मजल मारलेल्या संघाला पुढच्या चाळीस षटकांत अवघे चार चौकार मिळाले, हे सामान्य माणसाला तोंडपाठ होते. २४० धावा हा आकडा लहान की मोठा, हे तो एकट्या आकड्यावरून ठरवीत नव्हता. खेळपट्टी कशी होती, तीच खेळपट्टी भारत-पाकिस्तान सामन्यात वापरलेली होती काय, संध्याकाळी दव पडल्यावर चेंडू कसा आला, याचा विचार तो करीत होता. ३ बाद ४७ अशी ऑस्ट्रेलियाची अवस्था असताना सामना हातात होता, मग ट्रॅव्हिस हेड आणि लाबुशेन यांनी १९२ धावांची भागीदारी कशी केली, गोलंदाजीत कोणता बदल व्हायला हवा होता, अश्विनला का खेळविले नाही, हे सारे प्रश्न विचारले जात होते.

अर्थशास्त्राच्या वर्गात सरासरीचे मर्म शिकविताना अध्यापकाला जे कष्ट पडतात, ते या मंडळींना शिकवावे लागत नाही. एकच आकडा सत्य सांगत नाही, तो कशाच्या तुलनेत आणि किती काळात हे पाहावे लागते. यश आणि अपयश यांत परिस्थितीचा वाटा किती आणि कर्त्याचा किती, हे वेगळे करावे लागते. जबाबदारी व्यक्तीवर टाकण्याआधी पुरावा पाहावा लागतो. ही सगळी सामाजिक शास्त्रांची पद्धत आहे. ती चौथी नापास माणसालाही क्रिकेटच्या निमित्ताने अवगत झालेली असते.

शिवाय ही चर्चा मराठीत होते, हेही लहानसहान नव्हे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी मराठीत धावते समालोचन केले आणि वृत्तपत्रांतून वि. वि. करमरकर यांनी क्रीडापानाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, तेव्हा षटक, यष्टी, खेळपट्टी, क्षेत्ररक्षण हे शब्द इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या तोंडी रुळले. ज्ञान लोकभाषेत आले की लोक त्याच्यावर अधिकार सांगू लागतात, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि या चर्चेत कोणी मोठा नसतो. कर्णधार रोहित शर्माने ३१ चेंडूंत ४७ धावा केल्यावर तो फटका मारायला हवा होता काय, हा प्रश्न विचारताना कोणाची जीभ अडखळत नाही. सालगडी बागायतदाराचे म्हणणे खोडून काढतो, विद्यार्थी मास्तरांना आकडा चुकल्याचे सांगतो, आणि कोणी त्याला उद्धट म्हणत नाही. चर्चेची अशी समता गावाच्या जीवनात इतरत्र कोठे आढळते?

सभेतील मौन

आता याच माणसाला दुसऱ्या ठिकाणी पाहावे. बारामती आणि इंदापूर हे सहकारी साखर कारखानदारीचे तालुके आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा: या दोन तालुक्यांतील बागायती पट्ट्यातील बहुतेक ऊसउत्पादक यांपैकी कोणत्या ना कोणत्या कारखान्याचा सभासद असतो. क्रिकेट संघाचा तो केवळ चाहता आहे. कारखान्याचा तो मालक आहे. संघनिवडीत त्याला मत नाही. कारखान्यात त्याला मत आहे, आणि शंभर एकरवाल्याला जेवढे आहे तेवढेच एका एकरवाल्याला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा भरवावी लागते. तीत अहवाल आणि ताळेबंद सभासदांपुढे ठेवावा लागतो आणि सभासदाला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो.

पण महाराष्ट्रातील कितीतरी कारखान्यांच्या सभेत काय घडते? गोष्ट कोणा एका कारखान्याची नाही, दोन तालुक्यांपुरतीही नाही. अहवालाची छापील पुस्तिका घडी न मोडता घरी येते. विषयपत्रिका वाचली जाते आणि समोरून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो. ज्याने ‘६६ धावा किती चेंडूंत?’ असे विचारले होते, तो ‘इतके कोटी रुपये वाटले’ हे वाक्य ऐकून टाळ्या वाजवितो. टनामागे किती, असे तो विचारीत नाही.

खरे तर दोन्हीकडचे गणित एकाच जातीचे आहे. २०२३-२४ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला ३१५ रुपये, म्हणजे टनाला ३,१५० रुपये ठरविला होता. पण हा आकडा १०.२५ टक्के साखर उताऱ्याचा. उतारा दशांश एका टक्क्याने वाढला की दर क्विंटलमागे ३ रुपये ७ पैशांनी वाढतो. मग कारखान्याचा उतारा किती निघाला, तो कोणी मोजला, शेजारच्या कारखान्याचा किती, हे प्रश्न खेळपट्टीच्या प्रश्नाइतकेच स्वाभाविक आहेत. त्या दरातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो; तो टनामागे किती लावला, हा प्रश्न चेंडू किती खर्ची पडले यासारखाच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले पाहिजेत आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज दिले पाहिजे. हा नियम क्रिकेटमध्ये असता तर नो-बॉलच्या नियमाप्रमाणे तो शेंबड्या पोराला पाठ असता. आणि वजनकाट्याविषयी तर बोलायलाच नको. तिसऱ्या पंचाने दहा कोनांतून पाहून निर्णय द्यावा असा आग्रह धरणारा माणूस आपल्या उसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा दुसरा काटा पाहण्याचा हट्ट धरीत नाही. आणि ‘काटामारी’ हा शब्द मात्र साऱ्या ऊसपट्ट्याला ठाऊक आहे.

मुद्दा स्पष्ट आहे. या माणसाला आकडे कळत नाहीत असे नाही. तर्क कळत नाही, वेळ नाही, भाषा नाही, असेही नाही. जिथे त्याला मत नाही तिथे तो वाचस्पती आहे, आणि जिथे त्याला मत आहे तिथे तो मुका आहे. हे कोडे अफूच्या सिद्धान्ताने सुटत नाही.

भीतीचे अर्थशास्त्र

ते सुटते भीतीच्या अर्थशास्त्राने. रोहित शर्मावर टीका केल्याने कोणाच्या उसाची तोड लांबत नाही. निवड समितीला शिव्या दिल्याने सोसायटीचे पीककर्ज अडत नाही. पण उसाला तोड कधी मिळावी हे ज्यांच्या हाती, त्यांच्याच ओळखीने मुलाला संस्थेत नोकरी लागायची, मुलीला महाविद्यालयात प्रवेश मिळायचा, कालव्याच्या आवर्तनात शेवटच्या टोकाला पाणी पोहोचायचे, असे ज्या माणसाचे जीवन आहे, त्याने सभेत उभे राहून प्रश्न विचारणे म्हणजे आपला संसारच पणाला लावणे होय. कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि बाजार समिती या पाच संस्था एकाच छत्राखाली आल्या की सभासदाचे मत कागदावर राहते. उभा ऊस महिनाभर जास्त शेतात राहिला तर वजन घटते, आणि ही घट कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. मौनाची किंमत त्याला माहीत आहे, पण बोलण्याची किंमत त्याला त्याहून अधिक नेमकी माहीत आहे.

म्हणून क्रिकेटची चर्चा निर्भय आहे याचा आनंद मानताना हेही ओळखले पाहिजे की, ती निर्भय आहे कारण ती निष्फळ आहे. तिच्यामुळे काहीच बदलत नाही, म्हणून तिला कोणी हरकत घेत नाही. सत्तेला न बोचणारे स्वातंत्र्य सत्ता उदार हस्ते देते.

हे मौन अटळ नाही, याचाही पुरावा याच तालुक्यात आहे. २०१५ साली माळेगाव कारखान्याच्या सभासदांनी प्रस्थापित नेतृत्वाच्या पॅनेलचा पराभव केला होता. २०२० साली तेच नेतृत्व पुन्हा निवडून आले, पण त्यामुळे २०१५ ची गोष्ट पुसली जात नाही. गुप्त मतपत्रिका हाती असली आणि दर, उतारा, खर्च यांची चर्चा आधी गावोगाव झाली असली की सभासद निर्णय घेतो. शिरोलीचा महामार्ग रोखणारे शेतकरीही क्रिकेट पाहणारेच होते. त्या आंदोलनाअंती ज्या कारखान्यांनी मागील हंगामात टनाला तीन हजारांहून कमी दिले होते त्यांनी आणखी शंभर, आणि ज्यांनी अधिक दिले होते त्यांनी पन्नास रुपये देण्याचे मान्य केले. सामना पाहिल्याने कोणाची लढण्याची शक्ती गेली नव्हती. फरक होता तो संघटनेचा.

टपरीवरही सारे समान नाहीत

तरीही टपरीवरच्या चर्चेला आदर्श लोकसभा मानण्याचे कारण नाही. तिच्यात स्त्रिया जवळजवळ नसतात. भारतीय स्त्रियांच्या संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या संघात सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. तरी गावच्या कट्ट्यावर बायकांनी बसून क्षेत्ररचनेवर मत द्यावे, ही कल्पना अजून कोणाला सुचत नाही. बीड-अहिल्यानगरकडून आलेला ऊसतोड कामगार तर त्या कट्ट्यावर येतच नाही. पहाटे फडात उतरणाऱ्या कोयत्याला सामन्याची सुटी नसते.

आणि त्याच बाकावर बसलेल्या मुसलमान तरुणाला तोलून-मापून बोलावे लागते. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत वीस षटकांच्या विश्वचषकात पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरविले. भारताच्या ७ बाद १५१ धावा पाकिस्तानच्या सलामीच्या जोडीने गडी न गमावता ओलांडल्या. अकराच्या अकरा खेळाडूंचे ते अपयश होते. पण शिव्याशाप एकट्या मोहम्मद शमीच्या वाट्याला आले, आणि ते त्याच्या गोलंदाजीसाठी नव्हते, त्याच्या नावासाठी होते. कर्णधार कोहलीने धर्मावरून कोणाला लक्ष्य करणे ही अत्यंत हीन गोष्ट आहे असे जाहीरपणे सांगितले, ही त्यातली समाधानाची बाब. तोच शमी २०२३ च्या स्पर्धेत २४ बळी घेऊन सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला. पण पुन्हा हरलो तर पुन्हा तेच होणार नाही, याची हमी कोण देईल? जेव्हा पराभवाचे कारण शोधण्याऐवजी पराभवाचा गुन्हेगार शोधला जातो, तेव्हा चिकित्सा संपते आणि शिकार सुरू होते.

हा धोका एकाच बाजूकडून येतो असेही नव्हे. अहमदाबादच्या सामन्याला पंतप्रधान उपस्थित होते, म्हणून संघ हरला असे सुचविणारा ‘पनौती’ हा शब्द दोनच दिवसांत राजस्थानातील निवडणूक सभेत पोहोचला. काँग्रेसचे नेते राहुल गांधी यांनी तो उच्चारला आणि निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली. विश्वचषकाचा अंतिम सामना राजकीय सोहळा करण्याचा अट्टहास टीकेला पात्र होताच. परंतु त्यावर टीका करायला शकुन-अपशकुनाची भाषा वापरणे म्हणजे बुद्धिवादाचा पराभव होय. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धेविरुद्ध झगडताना २०१३ साली प्राण गमावले, तेथे अनेक पुरोगामी म्हणविणारेही या शब्दावर खुशीत हसले, ही खेदाची गोष्ट आहे. ६६ धावा किती चेंडूंत, असे विचारणारा टपरीवरचा माणूस त्या दिवशी या नेत्यांपेक्षा अधिक विज्ञाननिष्ठ होता.

क्रिकेटविषयीच्या लोकचर्चेने याआधी अन्यायाला वाचा फोडली आहे, हेही विसरू नये. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्यात युरोपीयांच्या मैदानावर चाकरी करता करता तो घडला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला जातीमुळे कधीच मिळाले नाही. त्यावरून मुंबईत वाद झाले, त्याच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले, आणि अखेर १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला. संघनिवडीचा वाद हा त्या काळी समतेचा वाद झाला होता. म्हणजे चर्चा खेळाची असली तरी ती पोरकट असलीच पाहिजे असे नाही.

मैदानाचे मालक

आज मात्र या चर्चेची एक सीमा ठरून गेली आहे. खेळाडूंविषयी काहीही बोलावे, पण खेळाच्या मालकांविषयी कोणी बोलत नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ही तमिळनाडूच्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली खाजगी संस्था आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलच्या प्रसारणाचे हक्क या संस्थेने ४८,३९० कोटी रुपयांना विकले. हा पैसा शेवटी येतो तो त्या टपरीवरच्या माणसाच्या नजरेतून: तो पाहतो म्हणून जाहिरात विकली जाते. पण त्या हिशेबावर त्याला एक प्रश्न विचारता येत नाही. न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ साली हे मंडळ माहिती अधिकाराखाली आणावे असे सुचविले, विधी आयोगाने २०१८ साली तशीच शिफारस केली. आणि २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला तेव्हा शासकीय अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरताच माहितीचा अधिकार ठेवून हे मंडळ त्याच्या कक्षेबाहेर राहील अशी सोय झाली.

बारामतीच्या वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. शरद पवार २००५ ते २००८ या काळात या मंडळाचे अध्यक्ष होते आणि २०१० ते २०१२ या काळात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे. आयपीएल २००८ साली सुरू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. त्याआधी २००४ च्या निवडणुकीत मतदान बरोबरीत सुटून अध्यक्षांच्या निर्णायक मताने त्यांचा पराभव झाला होता. कोट्यवधी लोकांच्या खेळाचे भवितव्य एका खोलीतील तीसेक मतांनी ठरते, हे त्या निवडणुकीने दाखविले. संस्था कशी बांधावी, मते कशी जुळवावी, हे कौशल्य सहकारी संस्थांच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला वेगळे शिकावे लागत नाही. ते कौशल्य मान्य करूनही प्रश्न उरतोच: संस्थेचा कारभार कार्यक्षम असणे आणि तो लोकांना जबाबदार असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पवारांनंतर जे आले, त्यांच्या काळातही मैदानाचे दरवाजे आतूनच बंद राहिले.

राजकारणही असेच पाहण्याचा खेळ होऊ लागले आहे. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटला तेव्हा बारामती आणि इंदापुरात काका की पुतण्या, यावर अशाच पैजा लागल्या. कोण जिंकणार यावर अफाट बोलणे झाले. जिंकल्यावर जिरायती पट्ट्याच्या पाण्याचे काय, सुपे-मोरगावकडील गावांना उपसा योजनेचे पाणी किती दिवस मिळणार, यावर त्या मानाने फारच थोडे. मतदाराचा प्रेक्षक झाला की लोकशाहीचा सामना होतो, आणि सामन्यात प्रेक्षकाला टाळ्या वाजविण्यापलीकडे काम नसते.

चळवळीचा धावफलक

हे सारे सांगताना समाजवादी चळवळीने स्वतःकडेही पाहावे. पराभवाची चिकित्सा करण्याच्या बाबतीत ती चाहत्यांच्या मागेच आहे. १९९१ साली राजापुरात प्रा. मधु दंडवते पाच वेळा जिंकलेल्या मतदारसंघात हरले. त्याआधी आणि त्यानंतरही असे कितीतरी पराभव झाले. त्यांची कारणे देताना कार्यकर्ते पैसा, जात आणि प्रसारमाध्यमे ही तीन नावे घेतात. ही कारणे खोटी नाहीत. पण ती खेळपट्टी, नाणेफेक आणि दव यांसारखी आहेत. चाहता तेवढ्यावर थांबत नाही. चाळीस षटकांत चारच चौकार का, असे तो विचारतो. चळवळीने पंचवीस-तीस वर्षांत किती गावांत नवी शाखा उघडली, किती तरुण आले आणि किती टिकले, फूट पडली तेव्हा तत्त्वाचा भाग किती होता आणि अहंकाराचा किती, हे प्रश्न शिबिरांतून विचारले जात नाहीत. विचारणाऱ्याला निराशावादी ठरविण्यात येते. कारखान्याच्या सभेतील मौनावर बोट ठेवण्याचा अधिकार मिळवायचा असेल, तर आधी स्वतःच्या सभेतील मौन मोडले पाहिजे.

डॉ. लोहियांनी १९६३ साली लोकसभेत तीन आण्यांचा वाद उभा केला, तेव्हा त्यांनी नेमके तेच केले होते जे टपरीवरचा माणूस धावफलकाशी करतो. सरकारने सरासरी सांगितली. त्यांनी विचारले, ती कोणाची सरासरी? देशातील बहुसंख्य माणसाच्या वाट्याला दिवसाला तीन आणे येतात, पंधरा नव्हे, असे त्यांनी सांगितले आणि नियोजनाची सारी भाषा हादरली. आकडा हे सत्तेचे हत्यार होते, ते त्यांनी लोकांच्या हाती दिले. हा वारसा असलेल्या चळवळीने क्रिकेटच्या आकडेवारीत रमणाऱ्या तरुणाला वाया गेलेला म्हणावे, यासारखा विरोधाभास नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन साधी कामे हाती घ्यावीत. पहिले, सप्टेंबरमधील वार्षिक सभेच्या आधी कारखान्याचा अहवाल गावच्या पारावर मोठ्याने वाचावा. गाळप किती, उतारा किती, दर किती, तोडणी-वाहतुकीची वजावट किती, चौदा दिवसांवर किती दिवस उशीर, हे पाच आकडे धावफलकाप्रमाणे फळ्यावर लिहावेत आणि शेजारी दुसऱ्या कारखान्याचे तेच आकडे मांडावेत. फळा बोलू लागला की कोणा एकट्याला बोलावे लागत नाही. दुसरे, सभेत एकाने उभे राहू नये, पंचवीस जणांनी एकच प्रश्न लेखी द्यावा. एकाची तोड लांबविता येते, पंचवीस जणांची लांबविणे अवघड जाते. भीतीवर उपदेशाने नव्हे, संख्येनेच मात करता येते. तिसरे, त्या फळ्यावर ऊसतोड कामगाराच्या मजुरीचाही एक रकाना असावा. नाही तर बागायतदाराच्या न्यायाची लढाई त्याच्या शेतातल्या माणसाला वगळून लढली जाईल, आणि तिला समाजवादी म्हणता येणार नाही.

अहमदाबादच्या पराभवानंतर सात महिन्यांनी, २९ जून २०२४ रोजी, बार्बाडोसमध्ये भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला आणि टपऱ्यांवरील जखम भरून आली. खेळात असे होते. पुढचा सामना येतो, नवी नाणेफेक होते, जुना हिशेब पुसला जातो. उसाच्या काट्यावर चुकलेला हिशेब मात्र पुढच्या हंगामात आपोआप दुरुस्त होत नाही, आणि टेलच्या शेताला न मिळालेले आवर्तन मागाहून मिळत नाही. ज्या जनतेला चेंडूचा हिशेब ठेवता येतो, तिला पाण्याचा आणि उसाचाही ठेवता येईल. तिला बुद्धी द्यायची नाही, ती तिच्याजवळ आहे. तिला सोबत द्यायची आहे. सप्टेंबर दर वर्षी येतो.